एकदाच हलणारी मान

माझ्या थोरल्या दिरांइतका भिडस्त माणूस अमेरिकेतल्या साऱ्या जॉर्जिया राज्यात सापडायचा नाही, आणि त्यांच्याइतका हट्टीही. संगणकाच्या नोकरीसाठी नागपूरहून अल्फारेटात आलेले हे गृहस्थ एका संध्याकाळी गाडीतल्या रेडिओवर मँडोलिन ऐकता ऐकता हायवेवरचा घराचा एक्झिट चुकले, आणि माझ्या जाऊबाईंच्या मते अजून परतलेले नाहीत. तेव्हापासून डोंगरातल्या ब्लूग्रास संगीताने त्यांना झपाटलं. जुन्या वस्तूंच्या दुकानातून त्यांनी मँडोलिन आणलं. त्याच्या पोकळीला तंबाखूचा आणि ओल्या लाकडाचा वास येई. तो हरवू नये म्हणून ते त्या खोलीत उदबत्तीसुद्धा लावू देत नसत. ऑफिसचे कॉल म्यूटवर टाकून ते गाणी रचत: खाणीत गाडला गेलेला भाऊ, पुरात वाहून गेलेली प्रिया. "यांचा एकुलता एक भाऊ म्हणजे तुझा नवरा," जाऊबाई मला म्हणत, "तो तिकडे सोफ्यावर चिवडा खातोय, आणि हे त्याला कितव्यांदा पुरतायत!" त्यावर दीर गंभीरपणे सांगत, "अगं, कुणी मेल्याशिवाय कोरस उचलत नाही."

दर रविवारी दुपारी, उत्तरेच्या डोंगरातल्या एका गावी, जुन्या पिठाच्या गिरणीच्या ओसरीवर या संगीताची बैठक भरते. सारे वाद्यं घेऊन गोल बसतात. बँजो वाजवणारे एक वृद्ध गृहस्थ तिचे म्होरके. ते ज्याच्याकडे पाहून मान हलवतील, त्याने आपलं गाणं सुरू करायचं. आता दीर पडले आमच्या घरच्या वळणाचे. पंगतीत पहिल्या विचारणेला "नको, नको" म्हणायचं, दुसऱ्या वेळी ताटावर हात आडवा धरायचा आणि तिसऱ्या आग्रहाला शरण जायचं. म्हातारबुवांनी मान हलवली की हे संकोचाने हसून नकार देत. डोंगरात मात्र नकार म्हणजे नकार. खूण पुढच्याकडे सरके. अशी कित्येक वर्षं दिरांनी त्या ओसरीवर इतरांना साथ केली आणि स्वतःचं एकही गाणं गायलं नाही. "पुढच्या वेळी विचारतील परत," असं परतीच्या वाटेवर म्हणत.

मग त्यांच्या डाव्या मनगटाची शस्त्रक्रिया ठरली. बोटं पुन्हा तारांवर तशीच वळतील, याची हमी डॉक्टर देईनात. त्याआधीच्या शेवटच्या रविवारी मीही दीर-जाऊबाईंसोबत गेले. दिरांनी एक नवं गाणं रचलं होतं आणि ते घरात कुणालाच ऐकवलं नव्हतं.

"आज मान खाली हलवायची हं, आडवी नाही," गाडीतून उतरताना जाऊबाईंनी बजावलं.

"कळतं गं मला."

ओसरीवर सफरचंदाच्या गरम रसाचा आंबूस वास होता, आणि थंडीने तारा कुरकुरत होत्या. खूण एकेका माणसावरून सरकत येत होती. दिरांचा अंगठा पँटवर घासत होता. अखेर म्हातारबुवांनी त्यांच्याकडे पाहिलं. मान हलवली. आणि जन्माच्या सवयीने दिरांची मान आडवी हलली. ओठांवर ते संकोचाचं हसूही आलं.

खूण पुढे गेली. शेजारच्या बाईंनी व्हायोलिनवर गज टेकवला. जाऊबाईंची नखं माझ्या दंडात रुतली. आणि दीर चक्क उभे राहिले. "नो... सॉरी. आय मीन, येस. प्लीज." त्या बैठकीत असं कुणी करत नाही. म्हातारबुवांनी बँजोच्या तारांवर तळवा ठेवला. बाईंचा गज थबकला. कुठेतरी खुर्ची करकरली.

"वेल," म्हातारबुवा 'आलात एकदाचे' अशा सुरात म्हणाले, "इट्स अबाउट टाइम."

त्या गाण्यात खाण नव्हती, पूर नव्हता, कुणी मेलंही नव्हतं. एक बाई होती. तिला डोंगराची वळणं सोसत नाहीत. तरी ती दर रविवारी मुठीतलं लिंबू हुंगत नवऱ्याशेजारी बसते आणि ओसरीच्या कोपऱ्यातून त्याच्या गाण्याची वाट पाहते. दिरांचा आवाज वरच्या स्वरावर फाटला, पण कोरसला सगळी ओसरी त्यांच्या मागे उभी राहिली. जाऊबाई समोर पाहत राहिल्या. "इतक्या वर्षांत यांना माझं लिंबूच दिसलं," एवढंच त्या पुटपुटल्या, आणि पदर नसल्याने स्वेटरच्या बाहीने त्यांनी डोळे टिपले.

शस्त्रक्रिया झाली. जखम भरली, पण बोटं काही वळत नाहीत. ते गाणं आता ओसरीवरची माणसं वाजवतात. त्या व्हायोलिनवाल्या बाई एका ओळीत शब्द बदलून गातात. दीर त्यांना दुरुस्त करत नाहीत. "आता ते त्यांचंही झालं," म्हणतात, आणि निश्चल डावा हात मांडीवर ठेवून, उजव्या हाताने मँडोलिनच्या बंद पेटीवर हलकेच ठेका धरतात.