जेवणानंतरचं शवासन

बोईसरच्या आमच्या कारखान्यात औषधांच्या बाटल्यांची झाकणं बनतात आणि तिथली माणसं सांभाळणं हे माझं काम. एकदा मुंबईच्या हेड ऑफिसला अचानक आमच्या तब्येतीचा कळवळा आला. कामगारांसाठी वेलनेस कार्यक्रम सुरू करा, आणि तो वर्षभर टिकला पाहिजे, असा हुकूम सुटला. सोबत भिंतीवर लावायला एक देखणं पोस्टर आलं, ‘लिफ्ट टाळा, जिने चढा’. आमची शेड बैठी. जिना नाही, लिफ्टही नाही. तरी हुकूम तो हुकूम, मी पोस्टर पाण्याच्या पिंपावर लावलं. बरेच जण पाणी पिता पिता ते वाचायचे आणि वर पत्र्याकडे बघायचे.

मग मी पालघरचे एक निवृत्त मास्तर शोधले. ते योगासनं शिकवत. पहिल्या दिवशी सगळे आले, कारण नवीन काहीतरी होतं. दुसऱ्या आठवड्यात मास्तर, मी आणि एक पंखा एवढेच उरलो. नवापूरचा आमचा लोडर पहाटे होडीवर जाऊन, जाळं ओढून मग कामावर यायचा आणि दिवसभर खोकी उचलायचा. त्याला मी खांदे मोकळे करायचा व्यायाम करा म्हणून सांगितलं. तो इतक्या प्रेमाने हसला, की मीच तिथून सटकले.

मला काळजी होती ती पॅकिंगच्या मावशींची. मासवणच्या या मावशी कोंबड्याच्या आधी उठून पाणी भरायच्या, भाकऱ्या थापायच्या आणि कोंबून भरलेल्या रिक्षातून पालघरला येऊन कंपनीची बस पकडायच्या. कार्यक्रम सुरू व्हायच्या महिनाभर आधी एका दुपारी त्या खोक्यांच्या आडोशाला बसल्या बसल्या झोपलेल्या सापडल्या. सापडल्या त्याही थेट मॅनेजर साहेबांना. साहेबांनी त्यांना हाताला धरून उठवलं आणि मेमो दिला. पुन्हा झोपलेल्या दिसल्या तर घरी पाठवणार, असं स्पष्ट बजावलं. त्या दिवसापासून मावशी दुपारी उभ्या उभ्या डुलायच्या आणि मी त्यांच्या आसपास उगाच फाईल घेऊन खोकत फिरायचे.

कार्यक्रम बुडायला आला तेव्हा मास्तरांनी खरं कारण सांगितलं. साहेबांनी दिलेली वेळ जेवणाच्या सुट्टीतली, आणि भरल्या पोटी आसनं चालत नाहीत. सगळे उठायच्या बेतात होते. तेवढ्यात मावशींनी मागून विचारलं, “भरल्या पोटी कुठलं चालतं, मास्तर?”

“वज्रासन. आणि फार तर शवासन, ते शेवटचं, पडून राहायचं.”

“मंग ते शेवटचंच पयलं घ्या ना. बाकीची आमी घरी करतोच हाय.”

मास्तरांना हे शास्त्राला सोडून वाटलं असावं, पण हजेरीपुढे तेही विरघळले. दुसऱ्या दिवसापासून जेवण उरकलं की पॅकिंगच्या मोकळ्या जागेत पुठ्ठे पसरले जायचे. मास्तर हळू आवाजात म्हणायचे, पायाची बोटं सैल सोडा. घोट्यापर्यंत पोहोचेस्तोवर निम्मे लोक गेलेले असायचे. मशीनवरचा बिहारी ऑपरेटर मला म्हणाला, “मॅडम, ये वाला योगा सबसे अच्छा है।” सुट्टी संपली की सुपरवायझर शिट्टी फुंकायचा आणि सगळे ताजेतवाने उठायचे. मावशींचं डुलणं थांबलं. माझं खोकणंही थांबलं. हजेरी अशी फुलली, की हेड ऑफिसने आमचं कौतुक केलं.

त्या कौतुकानेच घात केला. एवढं काय चाललंय ते बघायला साहेब स्वतः आले. चाळीसेक माणसं तोंडं उघडी टाकून पडलेली, आणि त्यांत मावशी अगदी पुढे.

“हा व्यायाम आहे की धर्मशाळा? सोमवारपासून बंद,” साहेब माझ्या कानाशी ओरडले. अशा कुजबुजत्या ओरडण्यात ते पटाईत होते.

बंद झालं की मावशी आठवड्याभरात पुन्हा सापडणार, हे मला दिसत होतं. म्हणून मी भाबडा चेहरा केला. “साहेब, बंदच करायचंय, पण हेड ऑफिसने विचारलं तर? तुम्ही स्वतः एकदा केलेलं बरं.”

साहेब रोज विरारहून गाडी हाकत येणारे आणि रात्री उशिरापर्यंत हेड ऑफिसचे फोन झेलणारे. “मला दिवसा झोप येत नाही,” असं म्हणत त्यांनी बूट काढले आणि माझ्याकडे संशयाने बघत पुठ्ठ्यावर आडवे झाले. मास्तर घोट्यापर्यंतही पोहोचले नाहीत.

सुट्टी संपली. सुपरवायझरने शिट्टी तोंडाला लावली, तोच मावशींनी ती त्याच्या हातातून काढून घेतली. मग जे झालं ते मी आजवर कुठल्या कारखान्यात ऐकलेलं नाही. मधोमध साहेब घोरत होते आणि भोवती पॅकिंग चालू होतं, चवड्यांवर. चिकटपट्टी ओढली की कर्कश आवाज होतो, म्हणून बायका ती बोटाबोटाने सोडवून कात्रीने कापत होत्या. लोडर खोकी बाळासारखी खाली ठेवत होता. मावशींनी पंखा साहेबांकडे वळवला.

चहाची किटली आली तेव्हा साहेब जागे झाले. आधी त्यांनी छत पाहिलं, मग घड्याळ, मग मला. “उठवलं का नाही मला?”

मी तोंड उघडलं, पण मावशी आधी बोलल्या. “तुमी घोरत होते, साहेब. एवढं दमलेलं मानूस आमी उठवत नाय.”

त्यांच्या बोलण्यात टोमणा अजिबात नव्हता, आणि म्हणूनच मला एकदम भरून आलं. साहेब बूट घालत बसले, बराच वेळ, मान खाली घालून. मग मला म्हणाले, “यांचा तो मेमो फाईलमधून काढून टाका.”

“कारण काय लिहू, साहेब?” माझा चेहरा अजून भाबडाच होता.

“लिहा, त्या दिवशी त्या शवासन करत होत्या.”

मी तसंच लिहिलं आणि खाली साहेबांची सही घेतली.