केबलचा वेढा

आमच्या विद्यापीठाच्या कागदांत 'सागरी संशोधनाची क्षमता उभारणे' असं भारदस्त काहीतरी लिहिलेलं असतं. माझ्या डोळ्यांसमोर मात्र भाट्याच्या खाडीतली ती होडी येते.

पाण्याखाली मोबाइलच्या लहरी चालत नाहीत, म्हणून तळाशी ठेवलेले सेन्सर आवाजाने बोलतात. त्यांचं बोलणं टिपायला आम्ही प्लॅस्टिकच्या नळ्यांचा रोबो बनवला होता. एकुलता एक. तो हरवला असता तर प्रयोगशाळेला कुलूपच. मी अलोऱ्याची, डोंगराकडची. होडीत बसले की फळी सोडत नाही. म्हणून रोबोची केबल सांभाळायचं काम एम.एस्सी.च्या माझ्या विद्यार्थिनीला दिलं. ती मांडवीची, समुद्र घरापासून हाकेच्या अंतरावर.

रोबोचं वजन आम्ही मांडवीच्या खाऱ्या पाण्यात जमवलं होतं, बुडूही नये आणि तरंगूही नये असं. पाऊस नुकताच संपलेला, त्यामुळे खाडीत नदीचं गोडं पाणी पसरलं होतं. गोड्या पाण्यात वस्तू लवकर बुडते, हे आम्ही वर्गात शिकवतो. त्या दिवशी कुणालाच आठवलं नाही. रोबो सरळ तळाला जाऊन खडकात अडकला. ओहोटीने होडी पुढे नेली, केबल ताणली गेली, आणि तिचा वेढा मनगटाला मारून बसलेली मुलगी बसल्या जागेवरून पाण्यात गेली. उकडतंय म्हणून लाइफ जॅकेट काढून ठेवलेलं.

तिचं डोकं वर आलं, पुन्हा खाली गेलं. तिचे हात कसेही हलत होते. ते बघून मला कळलं. तिला पोहता येत नव्हतं. आणि मलाही.

होडीवाल्या मामांनी इंजिन उलटं फिरवून केबल सैल केली. "खेचा, बाय," एवढंच म्हणाले. मी होडीकडचं टोक खेचत राहिले. तो वेढा सुटला असता तर ती गेलीच होती. सुटला नाही.

वर आल्यावर खोकत खोकत तिने आधी रोबोची चौकशी केली. माझं डोकंच फिरलं. रोबो गेला खड्ड्यात, पोहता येत नाही हे सांगायला तोंड नव्हतं का, असं मी तिला फाडफाड बोलले.

"कोणी विचारलंच नाय, मॅडम. मांडवीची म्हटली की सगळ्यांना वाटतं, पोवता येतंच. पोरींना पाण्यात कोण सोडतंय?"

रोबो नंतर निघाला. आता आमच्याकडे नव्याने येणाऱ्याचा पहिला धडा पोहण्याच्या तलावात होतो. नियम मीच केला, तेव्हा मलाही उतरणं भाग पडलं. ती केव्हाच शिकली. मी अजून कठडा धरून लटपटत असते. काल ती पाण्यात माझ्यासमोर हात पसरून उभी राहिली. मनगटावरचा वळ अजून पुसट दिसतो.

"सोडा, मॅडम. मी आहे."

मी तिचं तेच मनगट धरलं आणि कठडा सोडला.