लाल ठिपक्यांच्या बारा गाठी

डिसेंबरातली धुई सेलूवर साडेनवापर्यंत बसून असते. तेवढा वेळ अनुपमानं लोकांची बोलणी खायची, हे ठरलेलं. त्या सकाळी जिनिंगच्या फाटकाशी कापसाचे पाच ट्रॅक्टर उभे होते आणि ती एकेका ट्रॉलीत कोपरापर्यंत हात खुपसून आतला कापूस बाहेर काढत होती. वरचा कापूस सगळेच वाळवून आणतात, खरं बोलतो तो तळचा. त्यातली एक सरकी दाताखाली धरायची. कट् वाजली तर माल वाळलेला, नुसती दबली तर ओला. ओलावा मोजायचं यंत्र तिच्या खांद्याला लटकलेलं असतं, पण धुईत त्याच्यावर तिचा भरवसा नाही आणि शेतकऱ्याचा कधीच नसतो. दाताचा आवाज मात्र त्यालाही ऐकू येतो.

"दबली," ती म्हणाली. "हा अकरापर्यंत उन्हात उभा करा."

"म्याडम, वैरनपानी सोडून आलोय मी. तुमच्या दाताला सरकारची मान्यता हाय का?"

"ट्रॅक्टर तिकडं घ्या, दादा."

बाकीचे हसले. तिला हसायचाही कंटाळा आला होता. चौदा वर्षं हाच विनोद, फक्त माणूस दुसरा.

अनुपमा पूर्णेची. वडील रेल्वेत पॉइंट्समन. परभणीला बीएस्सी झाली आणि लग्न होऊन सेलूत आली. नवरा मल्लेश मोटारी-पंप दुरुस्त करतो. सासू शांतम्मा शेजारणीला सांगते, "आमची सून जिनिंगात सरक्या फोडती." नेमणुकीच्या कागदावर 'क्वालिटी इनचार्ज' असं लिहिलंय. मालाचे नमुने काढणं आणि दाबून बांधलेल्या रुईच्या गाठींच्या कागदावर सही करणं, एवढंच काम खाली दिलंय. रुईत गुटख्याची पुडी निघाली तर कुणाची ते शोधणं, कचरा वेचणाऱ्या चौदा बायांच्या डोक्याला फडकी बांधली का बघणं, दक्षिणेतल्या सूतगिरणीशी मोडक्या हिंदीत भांडणं, हे कागदावर नाही. पण ते झालं नाही तर विचारणा तिलाच. या हंगामात 'मॅनेजर'ची पाटी आणि वेगळी खोली देतो, असं मालक आबासाहेब म्हणाले होते. मागच्या दोन हंगामांतही म्हणाले होते, पण यंदा पाटी रंगवायला टाकली होती.

अकराच्या सुमाराला आबासाहेबांनी तिला हापिसात बोलावलं. मोबाइल पुढं सरकवला. सूतगिरणीनं पाठवलेल्या फोटोत पांढऱ्या रुईवर लाल ठिपके होते.

"पयल्या लॉटाच्या शंभरातल्या बारा गाठी," आबासाहेब म्हणाले. "संध्याकाळपतूर फॉर्म पायजे म्हनत्यात. न्हाईतर शंभरच्या शंभर वापस. आन् फुडला मालबी घ्यायचे न्हाईत."

फॉर्म तिच्याच हातचा होता. तीन वर्षांमागं गाठीत पोत्याची निळी सुतळी निघाली, तेव्हा तिनं तो तयार केला होता. कारण, जबाबदार व्यक्ती, केलेली कारवाई. खाली नियम: ज्याचं नाव येईल त्याला त्या हंगामापुरतं त्या कामावरून काढायचं. गिरणीला तो इतका आवडला, की त्यांनी सौद्याच्या अटीतच घातला.

"पार्वतीबाईचं नाव टाका," आबासाहेब म्हणाले. "त्या बायांची मुकादम हाय ती. आन् तिच्या कपाळाला हे एवढं कुंकू असतंय. त्यांना पटंल."

"कुंकू तिचं नाही, आबासाहेब."

"मला ठाव हाय कुनाचं हाय," ते हळूच म्हणाले आणि खिडकीतून बाहेर बघायला लागले. बाहेर उन्हात त्यांची आई बायनाबाई खाटेवर बसली होती.

हंगामाच्या मुहूर्ताच्या दिवशी पहिल्या गाडीच्या कापसाची पूजा होते. नारळ फुटतो, हळद-कुंकू पडतं. पूजेचा कापूस वेगळ्या ताडपत्रीवर ठेवायचा, मोठ्या ढिगात मिसळायचा नाही, हा अनुपमाचा नियम. पण पूजा झाल्यावर बायनाबाईंनी तो कापूस ओच्यात घेतला आणि मोठ्या ढिगावर चारी अंगांनी उधळला. लक्ष्मी बाजूला ठेवत नाहीत म्हणाल्या. पुढचं काम यंत्रानं केलं. अनुपमा तेव्हा पाच पावलांवर उभी होती. म्हातारीनं नुकतंच तिच्या कपाळाला कुंकू लावलं होतं, तोंडात पेढा होता. सणासुदीचं ऐंशी वर्षांच्या बाईला कोण टोकणार, म्हणून ती गप्प बसली.

कोरा फॉर्म घेऊन ती बाहेर आली तेव्हा बायनाबाईंनी हाक मारली.

"का गं पोरी, तोंड उतरलंय?"

"मुहूर्ताचं कुंकू गाठीत निघालं, आजी. तमिळनाडूतनं तक्रार आली."

"कुठनं म्हन्लीस?"

"तमिळनाडू. लय लांब, समुद्राकडं."

म्हातारीच्या तोंडावर हसू पसरलं. "बग की. मी जल्मात औंढ्याच्या म्होरं गेले न्हाई. माझं कुंकू गेलं." मग जरा विचार करून म्हणाली, "कुनाचं नाव लागतंय का? माझं टाक. मला काय कामावून काढत्याल?"

अनुपमाला क्षणभर तो मार्ग सोपा वाटला. पण फॉर्मवर नावापुढं हुद्दा लिहायचा होता आणि म्हातारीला हुद्दा नव्हता. जिच्याकडं काम सोपवलेलंच नाही तिच्याकडून ते चुकलं कसं म्हणायचं?

जेवणाच्या सुट्टीत पार्वतीबाई ढिगाशेजारी पाय लांब करून बसली होती. गुडघे दोन्ही हातांनी चोळत होती. अनुपमा जवळ आली तशी ती उठायला गेली.

"बसा."

"माझं नाव घेतलंय म्हनं हापिसात."

"कुणी सांगितलं?"

"भिताडाला कान असत्यात, म्याडम. हितं तर भिताडच न्हाई, नुसते पत्रे." बाया हसल्या. पार्वतीबाईनं फडक्याची गाठ सोडून पुन्हा बांधली. "मला काढलं तर मी रानात जाऊ शकत न्हाई. वाकलं की उठता येत न्हाई. हे बसून करायचं काम हाय म्हनून म्या हाय. होळीपतूर एवढंच जमतंय."

"अजून काही लिहिलं नाही मी."

"लिवा न्हाईतर नका लिवू. पन येक सांगते. म्हातारी कापूस उधळायली तवा मी तुमाला हात केला होता. तुमी बगितलंत आन् तोंड तिकडं केलंत. म्या म्हन्लं, शिकलेली बाई हाय, काहीतरी कळून गप बसली असंल."

पार्वतीबाईनं भाकरीचा चतकोर अनुपमापुढं धरला. तिनं तो घेतला आणि उभ्यानंच खाल्ला.

दोन वाजता तिनं फॉर्म भरला. कारण: पूजेचा कापूस वेगळा न ठेवणे. जबाबदार व्यक्ती: अनुपमा मल्लेश. हुद्दा: क्वालिटी इनचार्ज. पेन चांगलं चाललं. तिला वाटलं होतं तसं काही जड गेलं नाही, फक्त खूप झोप आली.

आबासाहेबांनी कागद दोनदा वाचला. "तुमचं? मंग गाठीवर सही कोन करनार?"

"नियमाप्रमाणं या हंगामात मला करता येत नाही."

"असला नियम करायला तुमाला कुनी सांगितलं होतं?"

"कुणी नाही."

त्यांनी कागद टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "जीवन करंल सही."

जीवन त्यांचा पुतण्या. देवगाव फाट्यावर पेट्रोल पंप सांभाळायचा, दोन महिन्यांपासून इथं नुसता फिरतो. ओला कापूस कोणता आणि वाळलेला कोणता, हे त्याला विचारूनही सांगता येत नाही.

"त्याला कळत न्हाई," आबासाहेबच म्हणाले. "माल तुमीच बगा. तुमी हो म्हन्लं की तो सही करंल. आन् पाटीचं..."

"राहू द्या."

"फुडच्या वर्षी बगू." त्यांनी कागदावर बोट ठेवलं. "हे कारवाईत काय लिवलंय? पूजेचा कापूस परडीत, देवाम्होरं ठिवायचा? आईला कोन सांगनार?"

"मालक तुम्ही."

"मालक जिनिंगचा. तिचा न्हाई. तुमीच सांगा, ती तुमचं ऐकती."

हेही काम तिच्या अंगावर पडलं. ती 'बरं' म्हणाली. फॉर्म गेला. साडेचारला उत्तर आलं: कारण मान्य, बारा गाठी वेगळ्या काढून बाकी माल ठेवून घेतो, संबंधित व्यक्तीची नोंद केली आहे. पार्वतीबाईला तिनं लांबूनच हातानं खूण केली. पार्वतीबाईनं मान हलवली आणि पुन्हा ढिगातला पाला वेचायला लागली.

जीवन दारात आला. "काकू, सही कुठं करायची असतीय?"

"उद्या दाखवते."

नमुन्यांचं कपाट भरून वाहत होतं. गेलेल्या मालाचे नमुने दोन महिने ठेवायचे, मग काढून टाकायचे. ऑक्टोबरच्या पुड्या अजून तशाच होत्या. तिनं स्टूल ओढलं, वरच्या कप्प्यातली पहिली पुडी उचलली, चिठ्ठीवरचा नंबर वाचला आणि पुडी पोत्यात टाकली. मग दुसरी.