डाव्या पायाचा पाहुणा

आता काय सांगू तुमाला, हसायचं न्हाई कबूल करा, मगच सांगतो. आमची कारभारीण सखू अजून तोंडाला पदर लावून हसती, तेवढं बास झालं.

गेल्या साली माझ्या डाव्या पायात रक्ताची गुठळी झाली. पाय भोपळ्यागत सुजला. चुलतभाऊ मायाप्पानं गाडीत घालून साताऱ्याला नेलं. डॉक्टरनं रक्त पातळ ठेवायची गोळी दिली आणि बजावलं, "कुठं कापलं तर बराच वेळ दाबून धरा. रक्त लवकर थांबणार नाही." मी मान हलवली. मान हलवायला काय जातंय?

पुढं मेंढरं कातरायला मायाप्पाच मदतीला आला. एक मेंढी उसळली आणि कातर माझ्या डाव्या घोट्यामागं लागली. मेंढराला लागलं तर आमी चिमूटभर भंडारा, म्हंजी देवाची हळद, लावून सोडून देतो. मी मलाबी तसंच सोडलं. दुपारी घरी आलो, दारात चपला काढल्या, देवाला हात जोडले, पाणी प्यालो.

"आवं, हे काय?" सखूचा आवाज चिरका झालेला.

फरशीवर रक्ताची पावलं. उंबऱ्यापासनं देव्हाऱ्यापर्यंत. नुसता डावा पाय, उजवा कुठंच न्हाई. आत आलेला दिसत हुता, भायेर गेलेला न्हाई.

भर उन्हात माझ्या अंगावर काटा आला. काठी घेऊन मी आतली खोली बघितली. कोण न्हाई. माळ्याखाली बघितलं, कोण न्हाई. वळून बघतो तर मी जिथं जिथं शोधलं तिथं तिथं नवी पावलं. ओली. ते माझ्याच मागनं हिंडत हुतं.

"करणी हाय," मी म्हणालो. आणि सकाळपासनं घरात आलेला भायेरचा माणूस एकच, मायाप्पा. तेवढ्यात तोच दारात आला. भंडारा हातात घेऊन बोललेलं देव खरं करतो म्हणत्यात. मी देवापुढचा भंडारा मुठीत घेतला आणि त्याच्या तोंडावर बोललो, "ज्यानं माझ्या घरात हे रगात सांडलं, त्याचा डावा पाय झडू दे."

मायाप्पाचा चेहराच उतरला. माझ्या डाव्या पायासाठी रात्रंदिवस दवाखान्यात बसलेला माणूस तो. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. मग खाली बघितलं, आणि हळूच म्हणाला, "दादा, जागचा हलू नको. पाय उचल."

उचलला. टाचेखाली थारोळं.

डॉक्टरनं फोनवर सांगितलं, "नस जिथं फाटते तिथं रक्त गोठून बूच बसतं. गोळीमुळं ते बूच उशिरा बसतं. दाबून धरा आणि लगेच इकडं या. गोळी मात्र मनानं बंद करू नका."

मायाप्पानं घोटा दाबून धरला तो साताऱ्यापर्यंत सोडला न्हाई. मी त्याची माफी मागितली. त्यानं माफ केलंबी.

देवाचं मात्र अजून कळंना. रोज सकाळी हात जोडून म्हणतो, "देवा, त्यो माझा शब्द धरू नको." आणि आधी डावा पाय जागेवर हाय का बघतो.