नव्या पाइपाची पूजा
पेट्रोलचा वास आला की अजून मी दोन पावलं मागं सरते. आमच्या गॅरेजातल्या एका गिऱ्हाइकाला वेरूळच्या रस्त्यावर गाडी जोरात पळवायची व्हती, म्हणून आमच्या ह्यांनी इंजिनावर जाड रेल, म्हंजी पेट्रोल वाटून देणारी नळी, आन नवे पाइप बसवले. इंजिन चालू, बॉनेट उघडं, माझ्या कडंवर लेकरू, आन सासूबाई पेटलेलं निरांजन घेऊन गाडीला ओवाळायला आल्या. मी म्हणलं, "आत्याबाई, लई वास येतोय, दिवा नको." "शुभ कामात नाट लावू नको!" त्या म्हणल्या. हे हसले, "नवं काम हाय, वास येणारच." तेवढ्यात जोडातून पेट्रोल उडालं, भडकाच झाला, आपल्या आईला मागं ढकलताना ह्यांचे दोन्ही हात होरपळले, बोटं आखडली ती आखडलीच. आता लेकरू चालतंय, बापाम्होरं उभं राहून "उचल" म्हणतं, आन हे माझ्याकडं बघत्यात.