बासष्ट वर्षांची बाई

बायको गेली त्याच्या आदल्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून मैद्याची खळ शिजवली. नातीच्या शाळेचा चार्ट चिकटवायला. घरातला गम संपला होता आणि तेवढ्यासाठी उन्हात दुकानात जायला मी नाही म्हणालो.

आधीच सांगतो, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. भूत, करणी, अंगात येणं — आम्ही बौद्ध माणसं, हे सगळं माझ्या बापानेच घराबाहेर काढलं होतं. माझं शिक्षण चौथी. तीस वर्षं इथे बहरीनमध्ये एसीच्या डक्टचं काम केलं. रिकाम्या इमारतींत एकटा राबलो, कधी काही दिसलं नाही. हे वाचून हसायचं तर हसा...

हमद टाउनमध्ये मुलाचा फ्लॅट आहे, दुसरा मजला. मुलगा, सून, नात सान्वी आणि आम्ही दोघं. सान्वी अमेरिकन अभ्यासक्रमाच्या शाळेत. मराठी कळतं, उत्तर इंग्रजीत देते. तिला प्रोजेक्ट होतं — अमेरिकेच्या यादवी युद्धात मिसिसिपी राज्याने काय केलं. तिने सांगितलं त्यातलं मला कळलं ते एवढं: दक्षिणेकडचं राज्य, जिकडेतिकडे कापूस, आणि कापसात राबायला विकत घेतलेली काळी माणसं. गुलामी जाईल या भीतीने ते राज्य देशातून फुटलं, दुसऱ्याच नंबरावर, आणि लढलं.

"इथे तर राज्याच्या हक्कासाठी लढले असं लिहिलंय," सून पुस्तक बघून म्हणाली.

"कायचा हक्क?" बायकोने विचारलं.

"टू कीप स्लेव्ह्ज, आजी. बेसिकली."

"मंग तसंच लिव ना मोठ्या अक्षरात. लाजते काहून?"

यवतमाळकडे लहानपणी कापूस वेचलेली बाई ती. बोंडाचं टोक नखात कसं घुसते, हे नातीला दाखवत बसली.

मग सान्वीने एक यादी चिकटवली. त्या काळच्या सरकारी मोजणीची नक्कल. वर मालकाचं नाव, खाली त्याचे गुलाम. बाई, वय तीस. पुरुष, वय चाळीस. नाव एकाचंही नाही.

"नाव नाई त हाक कशी मारत असतीन?" बायको म्हणाली आणि पेन्सिल घेऊन एकेका ओळीपुढे मराठीत नावं लिहायला लागली. सोना. गजरा. किसन. सगळी तिच्या गावची माणसं.

"आजी, यू कान्ट मेक अप नेम्स. इट्स हिस्टरी."

"हिस्टरीनं जागा रिकामी ठेवली, म्हणून भरतो म्या."

शेवटची ओळ होती — बाई, वय बासष्ट. तिचं स्वतःचं वयही तेवढंच. माझ्याकडे बघून म्हणाली, "हिचं नाव तुमी ठेवा."

"ठेव काहीबी. मेलेल्यायले नाव देऊन काय होते?"

"जित्याले तरी कुठं हाक मारली तुमी नावानं?"

खरं होतं ते. आमच्या घरात नवरा बायकोचं नाव घेत नसे. माझ्या बापाने आईचं घेतलं नाही, मी हिचं. त्रेचाळीस वर्षं मी "अवं" म्हणत आलो, नाहीतर "आयकलं का".

"अवं म्हटलं त आयकू येत नाई का तुले?" मी म्हणालो.

ती हसली... पूर्ण नाही हसली. ती ओळ तशीच सोडून डाळ भिजवायला उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळची बुद्धवंदना झाली, आणि उठता उठता ती परत खाली बसली, ती उठलीच नाही. हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाला, हार्ट. काउंटरवरच्या पोरीने फॉर्मसाठी नाव विचारलं. माझ्या तोंडून ते निघेना. मुलाने सांगितलं.

सान्वीने शाळेसाठी दुसरा चार्ट केला. आजीचा तिने किचनच्या पॅसेजमध्ये लावला.

दीड महिना झाला असेल. शुक्रवार, दुपारचे तीन. मुलगा-सून मनामाला गेलेले, सान्वी तिच्या खोलीत. मी हॉलमध्ये आडवा होतो, पण जागा. डोळे उघडे होते. पॅसेजमधून कोणी वाचत असल्याचा आवाज आला. ती वाचायची तसाच — ओळीवर बोट ठेवून, अडखळत.

"बाई... तीस... सोना. बाई... बावीस... गजरा. पुरुष... चाळीस... किसन. बाई... बासष्ट..."

आणि थांबला. थोड्या वेळाने पुन्हा पहिल्यापासून.

उठून पॅसेजच्या तोंडाशी गेलो. कोणी नाही. आवाज मात्र तिथेच, चार्टपाशी, माझ्यापासून दोन हातांवर. भीती वाटली नाही. उलट लोभ सुटला. ती कशासाठी थांबते ते मला कळत होतं. पण वाटलं, मी काही बोललोच नाही तर ती अशीच वाचत राहील... पाच वेळा ऐकलं, सहा वेळा ऐकलं. मग तिला दम लागायला लागला. जिना चढून आली की लागायचा, तसा. तेव्हा मात्र राहवलं नाही.

"कौसल्या," मी म्हणालो.

"ओ," ती म्हणाली.

बस. मग फक्त एसीची घरघर.

सान्वीचं दार उघडलं. "आजोबा, वॉज दॅट आजी?"

"तुला काय ऐकू आलं?"

"शी सेड ओ."

मुलाने घरी आल्यावर सगळ्यांचे फोन तपासले. आजीचं रेकॉर्डिंग कुठेच नव्हतं. टीव्ही बंद. शेजारचे केरळवाले सुट्टीवर गेलेले. मग म्हणाला, "बाबा, एकदा डॉक्टरला दाखवू."

"सान्वीलाही दाखव मग," मी म्हणालो.

ते काय होतं ते मला माहीत नाही. ज्याला माहीत असेल त्याने सांगावं, मी वाद घालणार नाही. त्यानंतर काही ऐकू आलं नाही. मी नाव घ्यायला नको होतं, असंही कधी कधी वाटते...

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली उतरलो. हैदराबादकडची एक बाई आमच्या इमारतीचा जिना पुसते, आठ वर्षं झाली. सगळे तिला मौसी म्हणतात. मी पायरीवर थांबलो.

"तुम्हारा नाम क्या है?"

ती घाबरली. "काय को चाचा? कंप्लेन करना है क्या?"

"नहीं. आठ साल हो गया, मालूम नहीं था."

तिने पोछा बादलीत ठेवला, ओढणीला हात पुसले आणि नाव सांगितलं. बापाच्या नावासकट.