शेवटून पुसायची संख्या

आई काष्टीच्या हायस्कूलात गणित शिकवायची, आणि घरी आल्यावरही थांबायची नाही. स्वयंपाकघराच्या दाराची मागची बाजू हा तिचा फळा. भाकरी थापता थापता पिठाच्या हातानंच खडू उचलायची. मला गणिताचा तेव्हाही कंटाळा होता, आजही आहे. पण एक संख्या तिनं माझ्या डोक्यात अशी ठोकून बसवली, की काही केल्या निघत नाही. सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहतीस. ७३९३९१३३.

ही मूळ संख्या. एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानंही भाग जात नाही. त्यात काय मोठंसं, मूळ संख्या पोत्यानं पडल्यात. पण हिचा शेवटचा अंक पुसला तरी उरते ती मूळच. अजून एक पुसा, तरी मूळच. आई ओल्या फडक्यानं पुसत जायची आणि मी वाचायची: ७३९३९१३, ७३९३९१, ७३९३९, ७३९३, ७३९, ७३, ७. अशा संख्यांत हीच सगळ्यात मोठी. हिच्या शेवटी आणखी कुठलाही अंक जोडा, मूळपण गेलंच.

"वाढायचं संपलंय तिचं," आई म्हणायची. "आता फक्त कमी व्हायचं. पण भागली जाणार नाही, बघ."

"न्हाई जानार," मी म्हणायची, की खडू दारावर आपटलाच. "नाही म्हण. नाही जाणार!"

आता आई माझ्याकडे केडगावला असते. डॉक्टर म्हणाले, या विसरण्याच्या आजारात आधी अलीकडचं जातं. तसंच झालं. सकाळचा चहा गेला, मग माझी मुलं गेली. माझ्या नवऱ्याला तिनं विचारलं, "मीटर बघायला आलात का?" तेव्हा आम्ही सगळे हसलो, कारण मला ती अजून नावानं हाक मारत होती. मग वडील वारल्याचं विसरली, आणि खोटं कशाला बोलू, मला बरंच वाटलं. पुढं शाळा गेली. शाळेबरोबर शाळेतली भाषाही गेली, आणि शेवगावकडची माहेरची बोली तेवढी उरली. माझा नंबर कधी लागतो, याची मला रोज धास्ती वाटायची.

आईला एक थोरली बहीण होती, अक्का. माझ्या जन्माआधीच वारली. मी तिच्या तोंडवळ्यावर गेलेय म्हणतात.

परवा मी स्वयंपाकघराच्या दारावर ती संख्या लिहिली. आई बराच वेळ बघत राहिली. मग उठली, पदराचं टोक धरलं आणि शेवटून पुसायला लागली. एकेक अंक, सावकाश, न चुकता. मला इतका आनंद झाला की मी पोरीसारखी मोठ्यानं वाचायला लागले. त्र्याहत्तरमधला तीन पुसला आणि तिचा हात थांबला. दारावर सात उरला.

"आई, ही पण मूळच ना गं?"

तिनं वळून माझ्याकडं पाहिलं. किती मायेनं पाहिलं!

"व्हय अक्का. पर ह्यो नगं पुसू. मंग काय ऱ्हातंय?"

"न्हाई पुसत," मी म्हणाले.

खडू तिच्यासमोरच पडला होता. तिनं उचलला नाही.